दप्तरात सापडलेली कविता

केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील एक तरुण अध्यापक विल्यम ह्यूएल यांनी १८१९ साली यंत्रशास्त्राच्या मूलतत्त्वांवर एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. दोरी कितीही बारीक घेतली व तिला ओढणारे बल कितीही मोठे लावले तरी ती आडव्या रेषेत निखालस सरळ ताणली जाणार नाही, हा सर्वस्वी निरुपद्रवी नियम त्यात सांगताना त्यांच्या लेखणीतून असे एक वाक्य उतरले की ते मोठ्याने वाचताच त्याचे चार सारखे चरण पडावेत आणि चरणांच्या शेवटी यमकही जुळावे. ग्रंथकाराच्या हे ध्यानीमनीही नव्हते. ते हेरले भूगर्भशास्त्रज्ञ ॲडम सेजविक यांनी, आणि एका मेजवानीनंतरच्या भाषणात ते वाक्य त्यांनी कविता म्हणून ऐकविले. ह्यूएल यांना हा विनोद मानवला नाही; पुढे त्यांनी ते वाक्यच पुस्तकातून बदलून टाकले. गंमत अशी की हे गृहस्थ काव्याला पारखे मुळीच नव्हते. १८१४ साली विद्यापीठाचे काव्यरचनेचे सुवर्णपदक त्यांनीच मिळविले होते. ते पदकप्राप्त काव्य आज अभ्यासकांखेरीज कोणी उघडून पाहत नाही, आणि दोरीचे ते चार चरण मात्र इंग्रजी काव्यविनोदाच्या संग्रहांतून अद्याप उद्धृत होत असतात.

गद्यात अशी अजाणता पडलेली कविता शोधून काढणे हा त्या काळी भोजनोत्तर करमणुकीचा भाग होता. विसाव्या शतकात त्यातूनच एक स्वतंत्र काव्यप्रकार उदयास आला. त्याला इंग्रजीत ‘फाउंड पोएम’ असे नाव आहे, आणि आपण त्यास ‘सापडलेली कविता’ म्हणू. न्यायालयातील जबानी, वर्तमानपत्रातील जाहिरात, एखाद्या यंत्रासोबत येणारी माहितीपुस्तिका, कचेरीचे परिपत्रक, घरगुती पत्र, पाककृती, असे जे लेखन कविता म्हणून लिहिलेलेच नाही ते कवीने समोर घ्यावयाचे, त्यातील काही शब्द ठेवावयाचे, बाकीचे गाळावयाचे, उरलेल्यांच्या ओळी पाडावयाच्या, आणि पदरचा एकही शब्द, अथवा फार तर नाममात्र शब्द, त्यात घालावयाचा नाही, असा याचा सर्वसाधारण शिरस्ता. हे ऐकताच कोणाही सुज्ञ वाचकाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, शब्द दुसऱ्याचे, अर्थ दुसऱ्याचा, मग यात कवीचे ते काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन या प्रकाराची तरफदारी करणे मला प्रशस्त वाटत नाही. किंबहुना या काव्यप्रकाराचा सगळा इतिहास म्हणजे या एकाच प्रश्नाला निरनिराळ्या कवींनी दिलेली उत्तरेच होत, आणि त्यातील काही उत्तरे समाधानकारक आहेत, काही नाहीत.

सर्वांत साधे उत्तर डब्ल्यू. बी. येट्स यांनी दिले. १९३६ साली त्यांनी आधुनिक इंग्रजी कवितेचे एक संकलन ऑक्सफर्डसाठी सिद्ध केले, तेव्हा त्याच्या आरंभीच त्यांनी वॉल्टर पेटर यांच्या निबंधातील मोनालिसाच्या चित्राचे सुप्रसिद्ध गद्य वर्णन घातले. शब्दांना हात न लावता केवळ ओळी तोडून ते मुक्तछंदाच्या रूपात छापले. पेटर यांचे गद्य मुळातच इतके तालबद्ध की ते पद्य म्हणून छापल्याने काही बिघडले नाही, पण येट्स यांना त्यातून एक विधान करावयाचे होते: आधुनिक कवितेचा उगम कोठे शोधावा, याविषयीचे आपले मत त्यांनी प्रस्तावनेच्या जोडीने या मांडणीतूनही सांगितले. ओळ कोठे मोडावी एवढाच निर्णय ज्याने घेतला त्या माणसाला कवी म्हणावे की संपादक, याचा निवाडा करणे अवघड आहे. मी त्यास संपादकच म्हणेन, परंतु फार थोर संपादक.

याच्या आधी एक तपभर फ्रान्समध्ये याहून धीट प्रकार घडला होता. ब्लेझ सांद्रार या कवीने १९२४ साली प्रवासचित्रांसारख्या भासणाऱ्या कवितांचा एक संग्रह ‘कोडॅक’ या नावाने काढला. या नावाला कॅमेरे विकणाऱ्या कंपनीने हरकत घेतली, ती गोष्ट वेगळी. खरी मौज पुढे १९४५ मध्ये उघडकीस आली, जेव्हा सांद्रारने स्वतःच आपल्या आठवणींच्या पुस्तकात कबूल केले की त्यातील पुष्कळशा कविता गुस्ताव्ह ल रूज या लोकप्रिय कादंबरीकाराच्या ‘डॉक्टर कॉर्नेलियस’ या रहस्यकथेतून कात्रीने कापून घेतलेल्या आहेत. ल रूज हे चार पैशांसाठी क्रमशः कथा लिहिणारे लेखक होते व आपण कवी आहोत हे त्यांना काही केल्या पटत नसे. तेव्हा त्यांच्याच गद्यातून कविता कापून, त्या छापून, ते पुस्तक त्यांच्या हाती ठेवणे एवढाच त्यांना पटवून देण्याचा मार्ग उरला होता, अशी सांद्रारची कैफियत आहे. या कैफियतीत आढ्यता बरीच आहे. तरी त्यातील एक गोष्ट मला मोलाची वाटते: ज्याचे घेतले त्याला दाखविले. रहस्यकथेच्या धावत्या मजकुरात वाचकाने ज्या वर्णनांवरून सहज उडी मारली असती त्यांपाशी सांद्रार थांबला, आणि हे थांबणे हेच त्याचे कर्तृत्व.

स्कॉटलंडचे कवी ह्यू मॅकडायर्मिड यांची हकीकत मात्र अशी सरळ नाही. त्यांची ‘परफेक्ट’ नावाची एक छोटी कविता १९३९ साली प्रसिद्ध झाली व वाखाणली गेली. पुढे लक्षात आले की तिच्या जवळजवळ सर्व ओळी वेल्समधील कथाकार ग्लिन जोन्स यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेतून घेतलेल्या आहेत, आणि १९६५ साली ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’च्या पत्रव्यवहारात या प्रकरणाचा बराच गदारोळ उडाला. विस्मृतीमुळे टिपणात मूळ लेखकाचे नाव राहून गेले, अशा स्वरूपाचा बचाव पुढे आला. कविता सुंदर आहे यात शंका नाही, ओळी तोडण्यातही हात सराईत आहे, पण मूळ लेखकाचे नाव दडून राहिल्यामुळे जी गोष्ट सापडलेली कविता म्हणून मिरविता आली असती ती वाङ्मयचौर्याच्या आरोपाखाली पंचवीस वर्षांनी चव्हाट्यावर आली. नाव सांगणे हा या प्रकारातील शिष्टाचाराचा भाग नसून त्याचे अधिष्ठान आहे, हे या एका प्रकरणाने जितके स्पष्ट होते तितके दहा सिद्धांतांनी होणार नाही.

आपल्याकडील शास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त तीन अध्याय केवळ हरणाला, म्हणजे दुसऱ्या कवीचे शब्द आणि अर्थ घेण्याला, वाहिलेले आहेत, कोणते घेणे निंद्य, कोणते क्षम्य आणि कोणते स्तुत्य, याचे त्याने केलेले पोटभेद वाचताना एखाद्या निष्णात वकिलाचा युक्तिवाद ऐकल्यासारखे वाटते. आणि प्रत्यक्ष रचनेचे उदाहरण हवे असेल तर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील जैन आचार्य जिनसेन यांच्या ‘पार्श्वाभ्युदय’ काव्याकडे पाहावे. कालिदासाच्या ‘मेघदूता’चे सर्व चरण यात क्रमाने ओवलेले आहेत, प्रत्येक श्लोकात मूळचा एक किंवा दोन चरण, उरलेले जिनसेनांचे, आणि विषय मात्र तीर्थंकर पार्श्वनाथांना झालेल्या उपसर्गाचा, म्हणजे छळाचा. विरही यक्षाच्या तोंडचे उद्गार वैराग्याच्या कथेत जाऊन बसतात, आणि मेघदूत तोंडपाठ असलेल्या श्रोत्याला एकाच वेळी दोन काव्ये ऐकू येत राहतात. योगायोग असा की याच्या साडेचारशे-पाचशे वर्षे आधी रोममध्ये प्रोबा नावाच्या एका विदुषीने व्हर्जिलच्या ओळी जुळवून ख्रिस्तचरित्र रचले होते. जिनसेनांनी निम्म्याहून अधिक शब्द स्वतःचे घातले असल्यामुळे आजच्या काटेकोर व्याख्येत ‘पार्श्वाभ्युदय’ बसणार नाही, हे खरे. पण मूळ काव्य श्रोत्यांना ठाऊक आहे, किंबहुना ठाऊक असलेच पाहिजे, ही त्यामागील भूमिका तीच आहे.

परंतु या काव्यप्रकाराला करमणुकीच्या आणि चातुर्याच्या पातळीवरून उचलून गांभीर्याच्या आसनावर ज्याने बसविले, त्या माणसाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. चार्ल्स रेझ्निकॉफ यांचा जन्म १८९४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, रशियातून परागंदा होऊन आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. घरचा धंदा टोप्यांचा. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, १९१६ साली वकिलीची सनदही मिळविली, पण वकिली मात्र फारशी केली नाही. टोप्या विकल्या, स्वतःच्या कविता स्वतःच छापल्या, आणि पुढे उपजीविकेसाठी एका विधिविषयक ज्ञानकोशाच्या कचेरीत नोकरी धरली. तेथील काम म्हणजे जुन्या खटल्यांचे अहवाल वाचून त्यांतील कायद्याचे मुद्दे वेगळे काढणे. शेकडो खंड त्यांच्या हाताखालून गेले. कायद्याचा मुद्दा निघाला की बाकीचा मजकूर कचेरीच्या दृष्टीने निरुपयोगी, आणि नेमक्या त्या निरुपयोगी मजकुरात, म्हणजे फिर्यादी, आरोपी, साक्षीदार यांच्या जबान्यांत, रेझ्निकॉफ यांना अमेरिकेचा असा इतिहास दिसू लागला की जो इतिहासकारांच्या ग्रंथांत सापडत नाही: यंत्रात हात सापडलेली कामकरी मुलगी, मजुरीच्या थोडक्या पैशांवरून पडलेला खून, रेल्वेच्या रुळांवरील अपघात, वारसाहक्कासाठी म्हाताऱ्या आईबापांचा केलेला छळ.

या सामग्रीतून त्यांनी आधी १९३४ साली ‘टेस्टिमनी’, म्हणजे ‘साक्ष’, या नावाने एक गद्य पुस्तक काढले, आणि नंतर तीच गोष्ट पद्याच्या ओळींत पुन्हा मांडावयास घेतली. १८८५ ते १९१५ या तीस वर्षांतील खटल्यांवर आधारलेल्या या विशाल रचनेचा पहिला भाग १९६५ साली व दुसरा १९६८ साली आला, आणि संपूर्ण रचना प्रसिद्ध झाली तेव्हा कवी हयात नव्हता. त्यांची रीत अशी होती की माणसांची नावे बदलावयाची, गावांची नावे गाळावयाची किंवा बदलावयाची, विशेषणे शक्य तो काढून टाकावयाची, आणि न्यायालयाने काय निकाल दिला तो सांगावयाचाच नाही. निकाल गाळण्यातच या कवीची सर्व प्रतिभा आहे असे माझे मत आहे. खटल्याच्या अहवालात सारा मजकूर निकालाकडे धावत असतो. निकाल लागला की वाचकाचे मन मोकळे होते, कारण कोणीतरी अधिकारी माणसाने दोषाची वाटणी करून टाकलेली असते. रेझ्निकॉफ ती सोय ठेवीत नाहीत. घटना घडते, ओळ संपते, आणि न्यायासनावर वाचकालाच बसावे लागते. पुढे १९७५ साली, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांनी न्यूरेंबर्ग येथील आणि नाझी अधिकारी आइकमान याच्यावरील खटल्यांच्या कागदपत्रांतून याच रीतीने ‘होलोकॉस्ट’ हे दीर्घकाव्य सिद्ध केले. इतक्या भीषण विषयावर स्वतःचे शब्द वापरण्याचा मोह टाळणे हे संयमाचे काम आहे, आणि कित्येक टीकाकारांना तो संयम कोरडेपणा वाटला हेही नमूद केले पाहिजे.

कायद्याच्या दप्तरातूनच निघालेली आणखी एक रचना म्हणजे एम. नूर्बेसी फिलिप यांची ‘झॉन्ग!’. १७८१ साली लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या मालकीचे ‘झॉन्ग’ नावाचे जहाज गुलाम म्हणून भरलेल्या आफ्रिकी स्त्रीपुरुषांना घेऊन जमेकाकडे चालले असताना, पाणी कमी पडत असल्याच्या सबबीवर सुमारे १३० जणांना जिवंत समुद्रात फेकण्यात आले, आणि नंतर मालकांनी ‘बुडालेल्या माला’ची नुकसानभरपाई विमेदारांकडे मागितली. १७८३ साली हा वाद इंग्लंडच्या न्यायालयात चालला तो विम्याचा वाद म्हणून. त्याचा छापील अहवाल जेमतेम दोन पृष्ठांचा आहे. टोबॅगोत जन्मलेल्या, कॅनडात स्थायिक झालेल्या आणि काही काळ वकिली केलेल्या फिलिप यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्या दोन पृष्ठांतील शब्दांपुरतेच स्वतःला बांधून घेतले, आणि पुढे पुढे ते शब्दही फोडून, अक्षरे सुटी करून पानभर विखुरली. अहवालात बुडालेल्यांपैकी एकाचेही नाव नाही. म्हणून काही पृष्ठांच्या तळाशी, रेघेखाली, त्यांनी आफ्रिकी नावे स्वतः लिहिली. पदरचा शब्द न घालण्याचा नियम त्यांनी जेथे मोडला ती जागा हीच.

इतकी गंभीर उदाहरणे पाहिल्यावर सामान्य वाचकाला हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे वाटण्याचा संभव आहे. तसे काही नाही. केवळ नमुन्यादाखल मी येथे एक सूचना रचून देतो, जशी कोणत्याही नगरपालिकेच्या फलकावर दर उन्हाळ्यात लागते:

“सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आल्यामुळे गुरुवारी संपूर्ण दिवस शहराचा पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल. नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा, पाणी काटकसरीने वापरावे व सहकार्य करावे. थकबाकीदारांची नळजोडणी पूर्वसूचना न देता तोडण्यात येईल, याची नोंद घ्यावी.”

आता या मजकुरातून काही शब्द गाळून, क्रम न बदलता, उरलेले असे लिहून पाहावे:

गुरुवारी
संपूर्ण दिवस
बंद राहील.

शुक्रवारी सकाळी
उशिरा
व कमी दाबाने
येईल.

पुरेसा साठा करून ठेवावा,
काटकसरीने वापरावे.

पूर्वसूचना न देता
तोडण्यात येईल.

याची नोंद घ्यावी.

बाहेरून एक अक्षरही आणलेले नाही. पाणी गेले, नागरिक गेले, नळ गेला, आणि कारकुनी भाषेतील ती थंड क्रियापदे भलत्याच गोष्टीविषयी बोलू लागली. ती गोष्ट कोणती हे ज्याने त्याने ठरवावे. ‘येईल’ हे एकटे क्रियापद स्वतंत्र ओळीवर गेल्यामुळे त्याच्याआधी क्षणभर थांबावे लागते, आणि सूचनेत जे आश्वासन होते त्याला संशयाचा स्पर्श होतो. हीच सूचना दुसऱ्या माणसाच्या हाती दिली तर तो कदाचित ‘थकबाकीदार’ हाच एक शब्द धरून बसेल आणि त्याची कविता गरिबीची होईल. तिसरा केवळ पाणी, पाण्याचा, पाणी एवढेच ठेवील. ही रचना फार मोठी आहे असा माझा दावा नाही, पण निवड म्हणजे काय हे तिच्यावरून दिसते. दादावादी कवी त्रिस्तान झारा याने १९२० साली वर्तमानपत्राचे शब्द कापून, पिशवीत घालून, हलवून, हाताला लागतील तसे मांडण्याची जी कृती सांगितली होती तिच्यात निवड नाही, यदृच्छा आहे. तो जुन्या काव्यकल्पनांवरचा एक खोडकर हल्ला होता आणि त्याचे काम तेव्हाच झाले. याउलट टॉम फिलिप्स या इंग्रज चित्रकाराने १९६६ साली तीन पेन्सला विकत घेतलेल्या एका विस्मृत कादंबरीच्या पानांवर चित्रे काढून, बहुतेक शब्द रंगाखाली झाकून, मोजके उघडे ठेवून ‘अ ह्यूम्युमेंट’ नावाचे पुस्तक केले आणि पन्नास वर्षे त्याच कादंबरीवर पुन्हा पुन्हा काम करून २०१६ साली त्याची शेवटची आवृत्ती काढली. एका सामान्य कादंबरीत किती निवडी दडलेल्या असू शकतात याचा एवढा दीर्घ पुरावा दुसरा नाही.

आणि येथेच मंडळाचा, म्हणजे लिहिणाऱ्यांनी एकत्र बसण्याचा, प्रश्न येतो. कवींनी एकत्र जमण्याची आपली परंपरा जुनी आहे. राजशेखराने राजाच्या काव्यसभेची जी आसनव्यवस्था सांगितली आहे तीत उत्तरेस संस्कृत कवी, पूर्वेस प्राकृत कवी, पश्चिमेस अपभ्रंशाचे कवी आणि दक्षिणेस भूतभाषेचे कवी बसतात. आणि विशेष म्हणजे अपभ्रंश कवींच्या मागे चितारी, सोनार, सुतार, लोहार यांनाही जागा आहे. अर्वाचीन मराठीत १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली व अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्यास ‘बालकवी’ ही पदवी दिली, हे सर्वश्रुत आहे. पुढे १९२३ साली पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे प्रभृती मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांच्या कविता ऐकत, त्यांवर चर्चा करीत, आणि काव्यगायनाचे कार्यक्रम महाराष्ट्रभर लोकप्रिय करण्याचे श्रेय बव्हंशी त्यांचेच. त्यांची थट्टा करणारी अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ साली आली; ज्या मंडळाच्या कवितेचे एवढे समर्थ विडंबन झाले ते मंडळ लोकांच्या कानांत किती मुरले असेल, याचा तोच दाखला.

अशा बैठकांत एक उणीव मात्र नेहमी राहते. कवी आपली कविता म्हणतो, श्रोते ‘वाहवा’ म्हणतात किंवा सभ्यपणे गप्प बसतात, परंतु त्या कवितेपर्यंत येताना कवीने काय काय टाकले, कोणता शब्द का नाकारला, हे कोणालाच दिसत नाही. ते त्याच्या वहीत, बहुधा त्याच्या मनातच, राहून गेलेले असते. सापडलेल्या कवितेत हे गाळलेले सर्व समोर असते. दहाजणांना एकाच परिपत्रकाच्या दहा प्रती द्याव्यात, प्रत्येकाने अर्ध्या तासात आपली कविता काढावी, आणि मग आधी मूळ मजकूर मोठ्याने वाचून पाठोपाठ एकेकाने आपली रचना वाचावी. दहा कविता दहा प्रकारच्या निघतात, आणि ‘तू हे वाक्य का सोडलेस?’ हा प्रश्न, जो एरवी कोणी कवीला विचारू धजत नाही, तो अगदी सहज विचारला जातो. नवशिक्याला याचा विशेष लाभ आहे, कारण कोऱ्या कागदाची धास्ती येथे नसते. आणि मुरलेल्या कवीला थोडा जाच आहे, कारण त्याची नेहमीची ठेवणीतली शब्दकळा येथे बाहेर काढता येत नाही. दोघे एका पायरीवर येतात. मंडळ टिकण्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

अमेरिकेत एप्रिल हा काव्याचा महिना म्हणून १९९६ पासून पाळला जातो. अमेरिकन कवींच्या अकादमीने तो सुरू केला. शाळा, ग्रंथालये आणि लेखकांची लहानमोठी मंडळे यांनी या महिन्यात रोज एक कविता लिहिण्याचे व्रत घेण्याची चाल पडली, आणि रोज नवे काय लिहावे या विवंचनेतून सापडलेल्या कवितेकडे पुष्कळजण वळले. २०१३ च्या एप्रिलमध्ये ‘फाउंड पोएट्री रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या पुढाकाराने ८५ कवींनी पुलित्झर पारितोषिक मिळालेली ८५ कथात्मक पुस्तके आपसांत एकेक वाटून घेतली आणि महिनाभर प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या पुस्तकातून रोज एक कविता काढली. त्यातील सगळ्याच कविता चांगल्या असतील असे कोणी समजू नये. पण एका पुस्तकाच्या सहवासात तीस दिवस काढणारा वाचक एरवी कोठे मिळतो?

मराठीत या कामासाठी सामग्रीचा तोटा नाही. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड आहेत, गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग आहेत. त्यांतील महजर, तहनामे, हिशेबाच्या याद्या, रणांगणावरून घाईघाईने धाडलेली पत्रे यांच्या गद्यात जो नेटकेपणा आहे तो पाहिला की आपले आजचे मुक्तछंद पाल्हाळिक वाटू लागतात. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा आहे. कोशातील एकेका शब्दाखाली जी उदाहरणे असतात त्यांची नुसती यादी केली तरी त्या काळचे अर्धे घर डोळ्यांपुढे उभे राहते. पंचांगातील वर्षफल, विवाहविषयक जाहिराती, रेल्वे स्थानकावरील उद्घोषणा, औषधाच्या वेष्टनातील घडीचा कागद, ही तर रोजची सामग्री. मात्र एक पथ्य मी आग्रहाने सांगेन. मृत्यूची वार्ता, पोलिसांकडील तक्रार, रुग्णाचे कागद, असे ज्यामागे जिवंत माणसाचे दुःख आहे ते हाती घेताना नावे काढावीत, ठिकाण काढावे, आणि चमत्कृतीसाठी ते वापरू नये. रेझ्निकॉफ यांनी नावे बदलली ती याच विवेकाने. तसेच एखाद्या अल्पशिक्षित माणसाच्या अर्जातील अशुद्धे उचलून त्यांवर हशा पिकविणे याला कविता म्हणण्याचे काही कारण नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाप्रमाणे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क चालतो, म्हणून अलीकडच्या कथा-कादंबऱ्यांतून मोठा मजकूर घेऊन छापण्यापूर्वी परवानगी घेणे इष्ट; न्यायालयांचे निर्णय मात्र, न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर, पुन्हा छापण्यास त्या अधिनियमात मुभा आहे. बैठकीत आपापसांत वाचण्यापुरता कोणताही कागद चालेल.

युनेस्कोने १९९९ साली ठरविल्याप्रमाणे २१ मार्च हा जागतिक काव्यदिन असतो, आणि २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषेच्या गौरवाचा म्हणून आपण पाळतोच. या दोन दिवसांच्या दरम्यान आपल्या गावच्या वाचनालयाने एक संध्याकाळ या प्रयोगासाठी राखून ठेवावी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे; अशा जुन्या संस्थांच्या कपाटांतून वार्षिक अहवाल पडून असतात, आणि त्यांत गहाळ झालेल्या पुस्तकांच्या याद्या, वर्गणीची थकबाकी, देणगीदारांचे आभार, छप्पर गळत असल्याची तक्रार असा सगळा मजकूर ओळीने मिळतो. चिटणिसांकडून असा एक अहवाल मागून घ्यावा, त्याच्या एका पानाच्या हव्या तेवढ्या नकला काढाव्यात, एकेक पेन्सिल द्यावी, आणि जी कविता निघेल तिच्याखाली अहवालाचे वर्ष व पृष्ठाचा आकडा लिहावयास कोणी विसरू नये.